दारू सोडणाऱ्यांच्या सभेतले प्रमुख वक्ते

माझा नवरा दारू फार छान सोडायचा. चौदा एप्रिलला, जयंतीला सोडायचा, एक जानेवारीला सोडायचा, मुलीच्या वाढदिवसाला तर केक कापायच्या आधी सोडायचा. दर वेळी सकाळी आंघोळ, पांढरा शर्ट, डोळ्यांत पाणी आणि माझ्या हातावर हात. सुरुवातीला मीही सोबत रडायचे. पुढे पुढे मी तेवढ्यात कुकर चढवून यायचे, कारण सोडण्याचा कार्यक्रम आटोपला की ह्यांना सपाटून भूक लागायची.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही नाशिकरोडच्या बाजूला एका वसाहतीत राहत होतो. हे एका सरकारी कचेरीत कारकून, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, मुलगी आठवीत. वसाहतीतली बहुतेक घरं आमच्यासारखीच, बौद्ध, नोकरदार, पोरांच्या अभ्यासावर डोळ्यांत तेल घालून बसलेली. ह्यांचा आवाज म्हणजे या वसाहतीची सार्वजनिक मालमत्ता. लग्न असो, बारसं असो, कुणी नव्या घरात राहायला जाणार असो, त्रिसरण-पंचशील सांगायला हेच. लोक हात जोडून एकेक ओळ ह्यांच्यामागे म्हणायचे. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते सांगताना ह्यांचा आवाज असा लागायचा की मांडवाच्या टोकाला बसलेली म्हातारी माणसंही माना डोलवायची, आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं व्हायचं. पंचशीलानंतर भाषण, भाषणानंतर हार. हारानंतर हे कुठं जायचे ते साऱ्या वसाहतीला ठाऊक होतं, तरी पुढच्या लग्नाला तीच माणसं पुन्हा ह्यांनाच बोलवायला यायची.

मग एकदा पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि मी ह्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं रुतवून पाहिलं, ह्यांना बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "बाई, स्पष्ट सांगतो. हे असंच चाललं तर मुलगी दहावी व्हायच्या आत तुम्ही एकट्या असाल."

माझा स्वभाव तापट. कुणी असं काही सांगितलं की मला आधी सांगणाऱ्याचाच राग येतो. डॉक्टरांचा आला, मग ह्यांचा आला, आणि राग ओसरल्यावर नुसती भीती उरली. कारण प्यायलेला नसताना हा माणूस फार गोड होता. मुलीला संत्र्याच्या फोडी बिया काढून द्यायचा, मी वह्या तपासत बसले की न सांगता चहा आणून ठेवायचा. मला हा माणूस हवा होता. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती मी कुणाला सांगू शकत नव्हते.

"औषध देतो," डॉक्टर म्हणाले, "पण औषधाने पिणं सुटत नाही. काही लोक रविवारी संध्याकाळी जमतात. स्वतः पिणारेच असतात, एकमेकांना धरून राहतात. इंदिरानगरला एका शाळेत बसतात म्हणे. कुठली शाळा ते मला माहीत नाही. ते पाटी लावत नाहीत."

त्या मंडळींच्या संघटनेला नाव आहे, पण नावं चारचौघांत घ्यायची नाहीत ही त्यांची रीत आहे, म्हणून मीही इथं घेत नाही. ही रीत चांगलीच आहे. फक्त शोधणाऱ्याची फजिती होते.

रविवारी शाळेचं काम आहे असं सांगून मी निघाले. मुंबई नाक्याला उतरले आणि चालत सुटले. इंदिरानगर तेव्हा नुकतं आकाराला येत होतं. रस्ते आखलेले, घरं तुरळक. एखादा टुमदार बंगला, मग मेथीचे वाफे, मग अर्धवट स्लॅब आणि त्याला दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली काळी बाहुली. दोन शाळा सापडल्या, दोन्हींना कुलूप. आता विचारायचं कुणाला, आणि काय म्हणून? दिवसभर वर्गावर खेकसणारी मी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. शेवटी एका पानटपरीशी गेले.

"भाऊ, इथं कुठं... म्हणजे दारूमुळे त्रास होतो अशी माणसं जमतात का?"

पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "मालक आत गेलेत का ताई?" तो म्हणाला. "तुम्ही नका जाऊ तिकडं. बाईमाणसाची जागा नाय ती. मी देतो बोलावून."

मी "अहो, तसं नाही" म्हणेपर्यंत तो टपरी सोडून निघालासुद्धा. मागे पत्र्याची शेड होती, तो देशी दारूचा गुत्ता. त्याने दारातून हाळी दिली, "ओ, कुणाच्या बाई आल्यात बघा!" आत एकदम सामसूम. एकाने तर मागच्या कुंपणावरून उडी टाकली. त्याला वाटलं त्याचीच आली. मी पदर घट्ट धरून उभी, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू येत होतं.

एक सडपातळ माणूस बाहेर आला. घोटीकडचा, तिथल्या भाताच्या गिरणीतलं काम सुटल्यावर इकडे बांधकामावर आलेला. मी धीर करून काय हवं ते सांगितलं.

"ती मीटिंग व्हय!" तो म्हणाला. "ती नव्या टाकीमागं, पिवळ्या शाळेत. म्होरलं दार बंद ऱ्हातं, मागनं जायाचं. लय चांगली माणसं हायेत. च्या पन देत्यात."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी जातो की. आज काय गेलो नाय," असं म्हणून त्याने मागे गुत्त्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

अशी ती शाळा मला सापडली, आणि पत्ता दिला तो गुत्त्याने. मागच्या दारात एक गोरे, स्थूलसे गृहस्थ चहाची किटली घेऊन उभे होते. पंचवटीतले पुरोहित. बाहेरगावाहून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचं त्यांचं घराण्याचं काम. मी सवयीने माझं पूर्ण नाव सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं. "इथं नुसतं पहिलं पुरतं," म्हणाले. "मीही पिणाराच आहे. त्यांना घेऊन या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घरच्यांनाही आत बसता येतं."

नाशिकमध्ये मला पहिल्या नावावर सोडून देणारा हा पहिलाच माणूस. एरवी नाव सांगितलं की आडनाव, आडनाव सांगितलं की गाव, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्यावर एक छोटा हिशेब चालायचा. तो संपेपर्यंत आपण हसून उभं राहायचं. बसमध्ये परतताना मला बरं वाटत होतं, ते पत्ता मिळाला म्हणून की या गोष्टीमुळे, कोण जाणे.

ह्यांना सांगायचं कसं हा पुढचा घोळ. मी खरं तेच सांगितलं. "इंदिरानगरला दारू सोडण्याबद्दल सभा असते. तुम्ही यावं असं म्हणत होते."

हे आरशासमोर दाढी करत होते. वस्तरा थांबला. "मला बोलावलंय? बोलायला?"

"बोलायला मिळतं तिथं," मी म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

मग काय विचारता! आठवडाभर घरात भाषणाची तयारी. शनिवारी संध्याकाळपासून घेतली नाही, कारण वक्त्याच्या तोंडाला वास येऊन कसं चालेल? रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कागदावर मुद्दे. आम्ही दोघं असे नटून निघालेले पाहून शेजारणीने विचारलं, "प्लॉट बघायला का?" त्या काळात इंदिरानगरला लोक प्लॉट बघायलाच जायचे. मी नुसती हसले, आणि वसाहतीत बातमी पसरली.

त्या वर्गात पोरांचे बुटके बाक. त्यावर आठ-दहा पुरुष गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले, महिन्याचा शेवटचा रविवार, म्हणून मागे दोन-तीन बायका, त्यांत मी. घोटीवालाही होता, मला बघून त्याने कपाळाशी हात नेऊन सलाम केला. किटलीवाल्या पुरोहितांना तिथं सगळे गुरुजी म्हणायचे. ते म्हणाले, कुणाला बोलायचंय? हे उठले. बाकाशेजारी ताठ उभे राहिले, घसा साफ केला आणि सुरू झाले, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर..." व्यासपीठ नव्हतं. अध्यक्ष नव्हते. मागे फळ्यावर शुक्रवारचा त्रैराशिकाचा हिशेब होता. पण भाषण उत्तम झालं, मी शिक्षिका आहे, मला कळतं. दारूने साम्राज्यं कशी बुडाली, कुटुंबाचा आधारस्तंभ कसा ढासळतो, समाजाची प्रगती कशी खुंटते. शेवटी पाचवं शील. मी लाजेने बाकाखाली काही पडलंय का ते शोधत होते.

कुणी हसलं नाही. कुणी टोकलं नाही. गुरुजी "धन्यवाद" म्हणाले, आणि पुढचा माणूस उठून म्हणाला, "मी काल प्यायलो नाही. आज सकाळी हात कापत होते, पण प्यायलो नाही." खाली बसला. बस, एवढंच.

परतताना हे गप्प होते. मला वाटलं, लागलं असेल काहीतरी आत. नाक्यावर आल्यावर म्हणाले, "माणसं जरा विचित्रच आहेत. साधं गुलाबाचं फूल नाही दिलं. आडनावसुद्धा विचारलं नाही."

पण वक्त्याची हौस मोठी. भाषणाचा दुसरा भाग राहिला होता, म्हणून पुढच्या रविवारी हे आपणहून निघाले. मग तिसरा भाग. मी बाहेर व्हरांड्यात वह्या तपासत बसायचे आणि ह्यांचा आवाज खिडकीतून ऐकायचे. सोमवार ते शुक्रवार पिणं, शनिवारी तयारी, रविवारी व्याख्यान, असा आमचा आठवडा लागला. निदान दोन दिवस तरी कोरडे जातात म्हणून मी वेडी खूश होते. पोट मात्र उतरत नव्हतं.

मग एका रविवारी गुरुजींनी शांतपणे सांगितलं, "भाऊ, आज तुम्ही बोलू नका. आज ऐका."

झालं! ह्यांच्यासारख्या वक्त्याला थांबवलं, आणि तेही चहाची किटली हातात घेऊन. हे तिथून उठून तरातरा निघाले, आणि मी पिशवी सावरत मागून. "माझा अपमान केला," हे साऱ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. त्या आठवड्यात सोमवार-शनिवार काही राहिलं नाही. गुरुवारी सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. मुलीने पाहिली. तिने बादलीभर पाणी ओतलं आणि दप्तर घेऊन शाळेत गेली. मी मात्र त्या दिवशी शाळेत जाऊ शकले नाही. डॉक्टरांनी सुई दिली, मान हलवली, आणि नवीन काही सांगितलं नाही. हे कॉटवर पडले होते आणि मी बाजूला बसून ह्यांचा श्वास ऐकत होते. हे मरणार, असं मला त्या दिवशी खरोखर वाटलं.

शनिवारी दुपारी गुरुजी आले. पत्ता त्यांना कुणी दिला कोण जाणे, बहुतेक ह्यांच्याच बोलण्यातून वसाहत कुठली ते कळलं असावं. घाटावरचं काम आटोपून तसेच आले होते, धोतर, कपाळाला गंध, सायकलला पिशवी. आमच्या वसाहतीत गंध लावलेले गुरुजी सायकलवरून उतरतायत म्हटल्यावर एकेक दार उघडायला लागलं. आमच्याकडे ब्राह्मणाला विधीला बोलवायचं नाही ही प्रतिज्ञाच. तीही लग्नाकार्यात ह्यांच्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलेली! शेजारीण धावतच आली. "बाई, प्लॉट घेतला ते कळलं," ती दबक्या आवाजात म्हणाली, "पण म्हणून भूमिपूजन? तुम्ही?"

"भूमिपूजन नाही हो," मी म्हणाले, "चहा आहे. तुम्हीही या."

ती आली नाही. पण संध्याकाळपर्यंत आम्ही धर्म सोडल्याची बातमी पार रेल्वे फाटकापर्यंत गेली होती.

गुरुजींनी तब्येत विचारली नाही. खुर्ची ओढून कॉटजवळ बसले, चहा बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, मी लोकांना संकल्प सांगतो. बापाच्या अस्थी घेऊन लांबून आलेला माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसलेला असतो. सकाळीच माझ्या पोटात पाव बाटली गेलेली असायची, आणि मंत्रात एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. मला वाटायचं, आवाज ठीक आहे ना, मग मीही ठीकच आहे."

हे छताकडे बघत म्हणाले, "माझंही तसंच आहे."

"माहीत आहे," गुरुजी म्हणाले. "उद्या या. बोललात तरी चालेल. फक्त आम्हाला शिकवू नका. आम्ही त्या विषयात सगळे पदवीधर आहोत."

हे हसले. ओठ फाटले होते, तरी हसले. मी आत जाऊन साखरेच्या डब्यात तोंड घालून रडले, कारण स्वयंपाकघरात दुसरी आडोशाची जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी महिन्याचा शेवटचा रविवार होता, म्हणून मी आत बसले. ह्यांना जेमतेम उभं राहता येत होतं. बाक धरून उठले. शर्ट कालचाच. मी मनात म्हटलं, आता अध्यक्ष महोदय आले की मी उठून जाणार. पण अध्यक्ष महोदय आले नाहीत. हे आपलं पहिलं नाव म्हणाले, आणि म्हणाले, "मी पितो."

"मला वाटायचं, मी किती घेतलीय ते घरी कळत नाही," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक, मला ओळखू येईना असा. "दार माझी मुलगी उघडते. आधी माझ्या पायांकडे बघते, नीट पडतायत का. मग तोंडाकडे बघते. म्हणून मी घराआधीच्या कोपऱ्यावर थांबतो. विजेच्या खांबापासून गटारापर्यंत चालून बघतो. पुन्हा मागे जातो. पुन्हा चालून बघतो. एवढा मोठा माणूस मी, आणि रोज संध्याकाळी रस्त्यावर चालायचा सराव करतो. तरी तिला कळतंच."

हे खाली बसले. गुरुजी "धन्यवाद" म्हणाले. घोटीवाल्याने सरकून ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी समजत होते, प्यायलेल्या माणसाला काही दिसत नाही. मी इतकी वर्षं ह्यांच्यावर ओरडले ते जणू बहिऱ्यावर ओरडावं तसं, आणि ह्यांना सगळं दिसत होतं. लेकीची नजरसुद्धा. त्या बुटक्या बाकावर बसून मला इतकी माया आली आणि इतका राग आला की दोन्ही एकदमच आले.

त्यानंतर सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. हे पुढे दोनदा घसरले. दोन्ही वेळा गुरुजी सायकल घेऊन आले, आणि दोन्ही वेळा वसाहतीने पूजा कसली म्हणून चौकशी केली. डॉक्टरांचा अंदाज मात्र चुकला. मुलगी दहावी झाली, पुढे बी.एस्सी. झाली, आणि दर निकालाला हे पेढे घेऊन त्यांच्या दवाखान्यात पेशंटच्या रांगेत जाऊन बसायचे. रांग मोडून आत जायचे नाहीत. सगळ्यांना पेढा देऊन मगच आत.

पण माझ्या मनात घर करून आहे ती त्या रविवारची संध्याकाळ. आम्ही बसमधून उतरलो. कोपऱ्यावरचा विजेचा खांब आला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. हे थांबले नाहीत, माझा हात धरून हळूहळू चालत राहिले. अशक्तपणाने पाय लटपटत होते, प्यायल्यावर लटपटायचे त्याहून जास्त.

मुलीने दार उघडलं आणि खाली पाहिलं. लटपटणारे पाय बघून तिचा चेहरा मिटला. मी सांगायला तोंड उघडलं, की अगं नाही, आज नाही, तर ह्यांनी माझा हात दाबला. चपला काढून हे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"बघ," हे तिला म्हणाले. "नीट बघून घे. मी थांबतो."

तिने पायांकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं. मग पुढे होऊन, लहानपणी घ्यायची तसा, तिने ह्यांच्या तोंडाचा वास घेतला. मला ते बघवेना. हे मात्र मान वाकवून, तिला नीट घेता यावा म्हणून, तिचं होईपर्यंत थांबले.